वाघमारे काकांची दोन पानं

आमच्या शेजारचे वाघमारे काका प्रिंटरला अहो-जाहो करतात. कागद अडकला की झाकण उघडून आत वाकतात आणि विचारतात, "काय झालं, साहेब? कुठे दुखतंय?" मग साहेबांना बंद करतात, स्वतः एक कप चहा पितात आणि परत चालू करतात. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

मीरा रोडला आमची दारं समोरासमोर. काका मूळचे परभणीकडचे. सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात नोकरी केली, आता एकटेच असतात. रिटायर झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेतला, आणि अख्खी बिल्डिंग त्यांच्याकडे जायला लागली. खालच्या शाहभाभी तर मोबाईल पुढे करूनच आत शिरतात, "काका, मेरा आधार निकाल दो ना."

काकांचा नियम एकच. स्क्रीनवर प्रिंटची जी रांग दिसते, तिच्यातून कोणालाही काढायचं नाही. पुढचा कागद अडकला की मागचे सगळे खोळंबतात. दुसरा कोणीही तो उडवून मोकळा होईल. काका केबल काढून घालतील, कोऱ्या कागदांचा गठ्ठा पत्त्यांसारखा पिसतील, पण कॅन्सल दाबणार नाहीत. "नंबर लागलाय त्याचा. आवकला आलेला कागद फाडायचा नसतो."

आणि सेव्ह करण्यावर त्यांचा विश्वास नाही. टाइप केलं, प्रिंटला दिलं, फाइल बंद. "कागद खरा. बाकी सगळी हवा."

मी काशीमीऱ्याच्या एका गोडाऊनमध्ये काम करतो. एका रविवारी दुपारी आमचा ट्रक माल भरून गेटवर उभा होता, ऑफिसचा प्रिंटर बिघडलेला आणि चलान माझ्या मोबाईलमध्ये. ड्रायव्हर सारखा फोन करत होता, "साहब, कागज के बिना गेटवाला छोड़ नहीं रहा." मी काकांकडे धावलो. त्यांच्या रांगेत पाच कागद खोळंबले होते. सगळ्यात वरच्याला एरर.

"माझंच अडकलंय," काका म्हणाले. "होईल. थोडा दम धर."

"काका, उडवा ना ते. ट्रक थांबलाय माझा."

"असं नाही करायचं रे. बस, चहा टाकतो."

ते स्वयंपाकघरात गेले. मी कॅन्सल ऑल दाबलं. रांग एका क्षणात रिकामी झाली. प्रिंटर बंद करून चालू केला, चलान पाठवलं, सरसर बाहेर आलं. मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

काका दोन कप घेऊन आले आणि स्क्रीनकडे बघत उभे राहिले. "सगळे गेले?"

"परत देता येतील की. शाहभाभींचं आधार त्यांच्या मोबाईलमध्ये आहेच."

"त्यांचं आहे," काका म्हणाले. कप खाली ठेवला. "जा तू. ट्रक थांबलाय ना."

चलान मिळूनही तो ट्रक हायवेच्या जॅममध्ये दिवेलागणीपर्यंत अडकून पडला होता.

चार दिवस काकांनी हाक मारली नाही. शेवटी मीच जाऊन विचारलं, "तुमचं काय होतं त्यात?"

"दोन पानं. भाचीला लिहिलेलं पत्र. पंधरा दिवस टाइप करत होतो, एका बोटाने."

मग हळूहळू सांगितलं. त्यांच्या बहिणीची मुलगी, सुनंदा. तिचा मुंबईत नर्सिंगला नंबर लागला होता. तीन वर्षं पोरीला ठेवून घे, असं बहिणीने कळवलं. काकांनी पोस्टकार्डावर उत्तर टाकलं, जागा नाही.

"दोन खोल्या होत्या. तुझी काकू म्हणत होती, ठेवू या. पण माझी प्रमोशनची परीक्षा होती, मला घरात शांतता पाहिजे होती." काका चष्मा पुसत राहिले. "त्याच उन्हाळ्यात पोरीचं लग्न लावून दिलं. मागच्या वर्षी ताई गेली, तेव्हा सुनंदानेच मला जेवायला वाढलं. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं."

"तुम्ही सांगा, मी टाइप करतो," मी म्हटलं.

ते शेजारी बसले. अर्धं वाक्य सांगायचे आणि पुसायला लावायचे. "तेव्हा सगळं नीट उतरलं होतं रे. आता तुझ्यासमोर जमत नाही." मी बाहेर जाऊन थांबतो म्हटलं, तर नको म्हणाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "लिही. सुनंदा, तेव्हा जागा होती."

"पुढे?"

"पुढे काय? खाली 'मामा' लिही."

आठ-दहा दिवसांनी तिचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होतो. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू होता. ती गुडघ्याबद्दल बोलली, मुलाच्या नोकरीबद्दल बोलली. मग म्हणाली, "पत्र मिळालं, मामा."

"ये ना इकडे," काका घाईघाईने म्हणाले. "कितीही दिवस राहा."

"बघू, मामा."

फोन ठेवल्यावर काका माझ्याकडे बघून हसले, "बघू म्हणाली." मी मान हलवली. मला अजून वाटतं, त्या दोन पानांत असं काहीतरी असणार, ज्यावर तिला नुसतं 'बघू' म्हणता आलं नसतं.