डोंगरस्वारीचे दिवस मुक्रर जाहले त्याची हकीकत

सुज्ञ वाचकांचे हुजुरात हकीकत रुजू ऐसीजे, तेसमयी जेवणाच्या टेबलावर नकाशा एक, रिकाम्या पाठपिशव्या दोन, निवलेल्या चहाचे पेले चार, आणि भोवती इरेस पेटलेली माणसे तितकीच होती.

वडीलकन्या ताईसाहेब, इस्पितळातील परिचारिका, महिनाअखेर परमुलखी चाकरीस निघणार, पुढे दोन वर्षे दर्शन नाही. सबब धाकटी, प्रयोगशाळेत चाकरीस, हिची मर्जी ऐसी की, जेथे फोनही लागत नाही अशा डोंगरात ताईसवे सहा दिवस काढावे. परंतु तीर्थरूपांची हयात विमाकचेरीत संकटांची किंमत मांडण्यात गेलेली. त्यांनी फर्मान काढिले की, तीन दिवस, चौथा नाही. मग धाकटीने हवामानाचे आलेख पुढे केले, आणि तीर्थरूपांनी धुके, ओढ्याचा लोंढा व मुरगळलेला पाय ऐसी जबर फौज उभी केली, आणि मग धाकटीचा मोर्चा मोडला, आणि मातोश्री "चहा गरम करते, तोवर भांडून घ्या" म्हणोन रणातून निघोन गेल्या.

नाइलाजे तीन दिवसांचा तह होऊन चौघांनी रसद भरली. धाकटीने सवयीप्रमाणे सारी तराजूवर घातली, तो दुपटीहून जास्त भरली. मग झडती जाहली.

"बाबा, तुम्ही दोन दिवसांचं जास्त कोंबलंय."

"अडकलात तर लागेल."

"मग अडकतोच म्हणा ना आम्ही."

ताईसाहेब खाली पाहोन वदल्या, "एका दिवसाचं मीपण टाकलंय. बोलले नाही इतकंच."

मातोश्रींनी स्वयंपाकघरातूनच कळविले, "माझं मोजू नका, तो खाऊ आहे." मोजिला. एका दिवसाचा भरला. या घराण्याची कदीम चालच ऐसी की, जो तो चोरून जादा बांधी आणि दुसऱ्यास हावरट म्हणे.

धाकटीने बेरीज मांडोन कागद तीर्थरूपांपुढे सरकविला. तीर्थरूपांनी तो दोनदा तपासला, चूक सापडेना, मग पिशवीचा पट्टा आवळीत बसलेल्या ताईसाहेबांकडे अंमळ पाहात राहिले, आणि चष्मा पुसोन आज्ञा केली की, आमचे दोन दिवस राखीव राहतील, त्यांस हात लावू नये, बाकीचे तुमचे.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते होऊन दफ्तरी नोंद जाहली: रसद दिवस सात, पैकी राखीव दोन, मुक्काम पाच.