लटारूभाऊची मोकळी पट्टी

लग्नाच्या मांडवात शिरल्यावर माणसं आधी नवरदेव बघतात. आमचा लटारूभाऊ मांडव आणि घर यांच्यातलं अंतर बघतो. खांद्यावरचा दोर सोडून मोजतो आणि पोरीच्या बापाला सांगतो, "सरकवा जी. आग आवतनाची वाट पाह्यत नाई."

मूल तालुक्यातल्या जंगलातल्या या गावी मी मास्तर म्हणून आलो, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात अर्धं गाव जळालं होतं. मोहाची पडलेली फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायची इकडे रीत आहे. कुणीतरी लावलेली तशी आग वाऱ्याने उधळली आणि घरांना टेकून रचलेल्या तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगांवरून गावभर फिरली. मग चांद्याहून साहेब आले आणि चुन्याची फक्की मारून गाव नव्याने आखून गेले. जंगलाकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मग आग अडावी म्हणून मोकळी पट्टी, मग घरं. तणस तलावाच्या पाळीपलीकडे. साहेब गेले आणि लटारूभाऊ आमच्या डोक्यावर बसला.

पट्टीत गवत उगवलं की हा खुरपं घेऊन हजर. कुणी गोठ्यासाठी खांब रोवला की हा उपटायला तयार. "पट्टी मंजे पट्टी!" हे त्याचं पालुपद. हिवाळ्यात वडशाची नाटकमंडळी आली. सगळं गाव राजाच्या मरणावर रडत होतं आणि हा पाण्याची घागर मांडीशी धरून गॅसबत्तीवर नजर ठेवून होता. गाव त्याला येताजाता शिव्या घालायचं. त्याला त्याचं काही नव्हतं. शाळेतल्या पोरांनी मला दमवलं नसेल एवढं या एका माणसाने दमवलं.

चैत्रात मी गाय घेतली आणि परसात थोडं तणस रचलं. शाळेतून येऊन बघतो तर सगळं तणस पाळीपलीकडे. गाय माझ्याकडे बघत होती, मी आभाळाकडे. तणतणत लटारूभाऊच्या घरी गेलो. दारात त्याची बायको भागरथाबाई बसली होती. मला पाहताच ती पदर ओढून आत गेली. गावात कुणाशी बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊ, गाव कंटाळलंय तुम्हाला," मी म्हणालो. "लोक काय काय बोलतात, कानावर येतं का?"

"येते ना जी." त्याने आत एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तो पाला हिनंच जाळला होता, मास्तर. तवा सारा गाव हिलेच बोले. विहिरीवर कोणी घागर भरू देये नाई. आता मलेच शिव्या देऊन राह्यले. हिची आठवण कोणाले होत नाई. बरं हाय."

"आणि पुन्हा आग लागली तर?"

"मंग पह्यलं नाव हिचंच येईन जी."

माझा राग कुठल्या कुठे गेला. तणसाचा विषय मी काढलाच नाही. त्या थकलेल्या म्हाताऱ्याला रामराम करून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरून जात होतो. बाया लटारूभाऊच्या नावाने बोटं मोडत होत्या. थोड्या अंतरावर भागरथाबाई रिकामी घागर घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "घरीबी असाच करते बाई. चूल पेटवाच्या आधी दोन घागरी भरून ठेवाले लावते. जीव नकोसा केला या माणसानं."

बाया खो खो हसल्या. सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.