मोठ्या माणसाचं उत्तर

हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटचा प्रोग्रॅम दर चाळीस मिनिटांनी मान टाकायचा. चार वाजता हॉस्पिटलवाले बघायला येणार होते आणि जो हे निस्तरेल तोच नवा टीमलीड, असं मॅडमनी सकाळीच जाहीर करून टाकलं होतं. घुम्याला ते पद हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. सहा वर्षांत त्याच्या मागून आलेले चौघे पुढे गेले होते, आणि बायकोने आता विचारणंही सोडलं होतं.

ऑफिसात कोणाला विचारायची सोय नव्हती. विचारलं म्हणजे येत नाही, हे सिद्धच झालं. पण त्या गल्लीत सगळ्या इमारती कॉम्प्युटरवाल्यांच्या, आणि मध्ये एक चहाची गाडी. खरं ज्ञान मिळायचं ते तिथेच. समोरच्या इमारतीत कामाला असलेल्या मावसभावाला घुम्याने तिथे गाठलं. ऑफिसची गुपितं बाहेर सांगायची नसतात, म्हणून हॉस्पिटलचं ग्रंथालय केलं आणि चाळीस मिनिटांचा तास केला. मावसभाऊ म्हणाला, माझ्या जुन्या ऑफिसातल्या एक बाई आहेत, त्यांच्या ओळखी फार, विचारून सांगतो.

तासाभराने मागच्या इमारतीत कामाला असलेल्या, होस्टेलपासूनच्या दोस्ताचा घुम्याला फोन आला. कुठल्याशा विमानतळाचा प्रोग्रॅम म्हणे दिवसातून चारदा बंद पडतो, माणसं रडकुंडीला आलीत, तुला काही सुचतंय का? दुसऱ्याच्या दुखण्यावर औषध कसं चटकन सुचतं बघा.

"त्यात काय एवढं," घुम्या म्हणाला. "दोन प्रती चालू ठेवा. बंद पडायच्या आधीच एक आपण बंद करून पुन्हा सुरू करायची, मग दुसरी. लोकांना पत्ताही लागत नाही."

फोन ठेवल्यावर त्याला विमानतळवाल्यांची कीव आली.

अडीच वाजता मावसभावाचा निरोप आला. एका फार मोठ्या माणसाने सांगितलंय, दोन प्रती ठेवा, आलटून पालटून चालवा. आपलं आणि मोठ्या माणसाचं डोकं एकसारखं चालतं, हे बघून घुम्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तो लगेच कामाला लागला.

चार वाजल्यापासून प्रोग्रॅम तासभर ठणठणीत चालला. पाहुणे खूश होऊन गेले. मॅडमनी विचारलं, हे कोणी सांगितलं? त्या गल्लीत 'मला सुचलं' या उत्तराला कोणी हिंग लावून विचारत नसे, मागे कोणीतरी वजनदार लागे. घुम्या ऐटीत म्हणाला, बाहेरच्या एका फार मोठ्या माणसाने.

"मग लीड त्यांनाच करू या," मॅडम म्हणाल्या, आणि बाहेरचं माणूस शोधायला गल्लीत सगळेच लावत तसा त्यांनीही त्याच ओळखीवाल्या बाईंना फोन लावला.

दहा मिनिटांत होस्टेलच्या दोस्ताचा फोन. "अरे, तुझ्या विमानतळाच्या उत्तरावर कोणीतरी फिदा आहे. टीमलीड करतो म्हणतायत. हॉस्पिटलची कामं करणारं ऑफिस आहे. जातोस का?"

घुम्याने बोटं मोजली. मी, मावसभाऊ, बाई, दोस्त, मी. पुन्हा मोजली, तरी तेवढीच भरली. तो धावत मॅडमकडे गेला.

"मॅडम, तो मोठा माणूस मीच आहे."

"मघाशी तर बाहेरचा म्हणालास."

"बाहेरून फिरून आला. मूळचा मीच."

मॅडमनी त्याला पाणी दिलं आणि उद्या सुट्टी घे म्हणून सांगितलं.

शेवटी त्याने दोस्तालाच होकार कळवला. नाव सोमवारपर्यंत सांगू नकोस म्हणाला, नाहीतर मॅडम आठवडाभराची सुट्टी देतील. काही अट आहे का, दोस्ताने विचारलं. घुम्याला आपली खिडकीजवळची जागा सोडवत नव्हती, म्हणून खिडकीजवळ बसेन, एवढं सांगून ठेव म्हणाला.

सहाला मॅडम आनंदात त्याच्या टेबलाशी आल्या. "सोमवारपासून ते इथे बसणार. तुझं सामान तेवढं हलव."

"आणि मी?"

"तुझं काय करायचं ते विचारून घेते," असं म्हणून त्या फोन लावत आत गेल्या.

घुम्या खण रिकामा करत होता, तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. दोस्त होता. "अरे, त्या ऑफिसात आधीचा एक माणूस आहे म्हणे, सगळं बाहेर विचारून करतो. ठेवायचा की काढायचा, तुझं मत विचारतायत."

घुम्याने खण ढकलून बंद केला.

"थांब," तो म्हणाला, "मावसभावाला विचारून सांगतो."