झिपरू अस्वल आणि दहापैकी तीन

एका जंगलात वाघापेक्षा मोहाच्या झाडाचा दरारा जास्त होता. चैत्रात फुलं गळायला लागली, की भलेभले त्याच्याखाली आडवे व्हायचे. हसू नका रे, तुमच्या ओळखीतही असेल कुणीतरी.

त्या जंगलात झिपरू नावाचं अस्वल राहायचं. स्वभावाने अगदी देवमाणूस. बरं, देवअस्वल म्हणा. पण आंबलेली मोहफुलं पोटभर खायची आणि दिवसभर लोळायचं, हा त्याचा नेम. एकदा दोन्ही पिल्लांना त्याच्याजवळ सोडून बायको मध काढायला गेली. हा घोरत पडला आणि धाकटी नाल्यात पडली. वाचली, पण थोडक्यात.

तेव्हापासून त्याची बायको, कौतिका, एकच सांगत होती. "हे बघा, पौर्णिमेपर्यंत मोह सुटला तर ठीक. नाहीतर मी पोरांना घेऊन नदीपलीकडे माहेरी चालले."

झिपरू सल्ला विचारत जंगलभर फिरला. पिल्लांवर त्याचा फार जीव. हत्ती म्हणाला, "मनाचा निग्रह हवा." रानडुक्कर म्हणालं, "लाज नाही वाटत?" वाटत होती ना! आणि लाज वाटली की ती घालवायला तो पुन्हा मोहाखालीच जायचा.

शेवटी तो साळुंकीबाईंकडे गेला. बाई शहरातून आलेल्या. तिथे एका समुपदेशकाच्या खोलीत त्यांनी सहा वर्षं पिंजऱ्यात काढली होती. लोक यायचे, रडायचे, बदलून जायचे. बाईंनी ते सगळं पाठ केलं आणि जंगलात येताच जांभळाच्या फांदीवर स्वतःचं केंद्र उघडलं. नियम एकच. उपदेश करायचा नाही.

"ताई, मोह कसा सोडू?"

"मोह सोडावा असं तुम्हाला वाटतंय."

"हो. पण सुटत नाही."

"एकीकडे सोडावासा वाटतो, दुसरीकडे सुटत नाही."

"अगदी बरोबर ओळखलंत!" झिपरू म्हणाला. आत्ता आपणच हे सांगितलं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"दहापैकी किती सोडावासा वाटतो?"

"तीन," झिपरूने मान खाली घातली. आता बोलणी बसणार.

"वा, तीन! मग दोन का नाही?"

आजवर सगळ्यांनी 'दहा का नाही' हेच विचारलं होतं. झिपरू विचारात पडला. "दोन नाही, कारण धाकटी आता माझ्या पाठीवर बसत नाही. वास येतो म्हणते." आणि तो ढसाढसा रडला.

पोरांनो, खरं सांगते, युक्ती चांगली होती. झिपरू त्या दिवशी मोहाकडे फिरकला नाही. आठवड्याने आकडा सहावर गेला, मग आठवर. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तर त्याला राहवेना. बायकोला आणि पिल्लांना घेऊन तो ऐटीत जांभळाखाली आला.

"ताई, हिला जरा सांगा, मी किती सुधारलोय ते."

"मी कुणाला काही सांगत नसते," बाई म्हणाल्या आणि कौतिकाकडे वळल्या. "माहेरी जावंसं किती वाटतं तुम्हाला? दहापैकी?"

कौतिका घुटमळली. तिला कुठे जायचं होतं! नुसती धमकी होती ती. "दोन," ती पुटपुटली. झिपरूला हायसं वाटलं.

"वा, दोन! मग एक का नाही?"

कौतिकाला तरी हे आजवर कुणी विचारलं होतं? "एक नाही, कारण धाकटी नाल्यात पडली, ते अजून माझ्या स्वप्नात येतं."

"ते अजून छळतं तुम्हाला."

"छळतं! आणि मध मीच काढायचा, वारुळं मीच उकरायची. इतक्या वर्षांत यांनी एकदा विचारलं नाही, तू जेवलीस का म्हणून!"

"तुम्ही जेवलात का, हे कुणी विचारलं नाही."

"आई विचारते!" कौतिकाचा आवाज चढला. "पाच. नाही, आठ!"

"ताई, पुरे हो!" झिपरू मध्ये पडला. "मी दहा! आजपासून दहा!"

"झिपरूभाऊ, आत्ता त्यांची वेळ चालू आहे."

कौतिकाने डोळे पुसले. "दहा," ती म्हणाली. तिला फार हलकं वाटलं. दोन्ही पिल्लांना पाठीवर घेऊन ती नदीच्या वाटेला लागली. जाताना बाईंचे आभार मानायला विसरली नाही.

झिपरूने मोह खरंच सोडला, बरं का. आता तो दिवसभर शुद्धीत असतो आणि पलीकडच्या काठाकडे बघत बसतो. साळुंकीबाई मात्र प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगतात, "एकाच कुटुंबात दोघांना बदलायला मदत केली मी."

तात्पर्य : उपदेशाने कुणीच बदलत नाही. म्हणून स्वतःला सुधारायचं असेल तर साळुंकीकडे एकट्याने जावं, आणि बायकोला कुठे न्यायचंच असेल तर चांगल्या खणखणीत उपदेश करणाऱ्याकडे न्यावं.