तीन पेडलं आणि सातचं जेवण

जेवणाच्या टेबलावर तीन लोखंडी डब्या मांडलेल्या पाहून बायको ताटं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"हे काय?"

"पेडलं. यातलं एक निवडायचंय. शुक्रवारच्या आत."

"पायाने दाबायची ना ती? मग टेबलावर कशाला मांडलीत?"

त्याने तांबडं, हिरवं आणि काळं अशी तिन्ही पेडलं उचलून बैठकीत जमिनीवर ठेवली. वाद्यांच्या दुकानदाराने ती घरी नेऊन वाजवून बघायला दिली होती. दुकानदाराचा पुढचा दात यानेच बनवला होता, त्यामुळे त्याच्यासमोर तो नेहमी तोंड भरून हसायचा.

कवळ्या बनवणं हा त्याचा धंदा आणि बेस गिटार हा त्याचा नाद. दोन्हींचं नशीब एकच. काम चोख झालं की कोणाच्या लक्षातही येत नाही. चांगल्या बसलेल्या कवळीची कोणी आठवण काढत नाही, आणि खर्जात घुमणाऱ्या त्या चार तारांच्या गिटारीकडे कोणी मान वळवून बघत नाही. एकोणीस वर्षं त्याला याचं काही वाटलं नव्हतं. पण मागच्या रविवारी त्यांच्या बँडचा म्होरक्या, मुख्य गिटार वाजवणारा पोस्टमास्तर, तारा पुसता पुसता म्हणाला, "राग मानू नकोस, पण तू वाजवतोस ते मला ऐकूच येत नाही. कीबोर्ड घेऊ या. त्याच्या डाव्या हातात तुझं सगळं काम होऊन जाईल. शुक्रवारी घेऊन येतो तुझ्याकडे, दोन्ही वाजवून बघू."

एकोणीस वर्षांची जागा एका डाव्या हातात जाणार म्हटल्यावर त्याने थेट वाद्यांचं दुकान गाठलं. ऐकू यायचं असेल तर डिस्टॉर्शन पेडल लाव, असं दुकानदाराने सांगितलं. गिटार आणि स्पीकर यांच्या मधे ही डबी बसवून पायाने दाबली की साधा सूर फाटतो, खरखरतो आणि भर गर्दीतही कानात घुसतो.

रोज सातला तो बैठकीत सरावाला बसायचा आणि सव्वासातला बायको पानं वाढायची. इतक्या लवकर जेवण बाबांमुळे, म्हणजे त्याच्या सासऱ्यांमुळे. बाबा दोन वर्षांपासून त्यांच्याकडेच राहायला; नव्वदीला टेकलेले, कानांनी ठार बहिरे. श्रवणयंत्र शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते कपाटात कोंडून ठेवलं होतं. पाचच्या चहानंतर ते कवळी काढून डबीत ठेवत आणि सातच्या ठोक्याला परत लावून स्पीकरशेजारच्या खुर्चीत येऊन बसत. "बाबा तोंडाने मागायचे नाहीत," बायको म्हणायची. "दात लावले की समजायचं, भूक लागली."

सोमवारी त्याने तांबडं पेडल दाबलं. बायको धावत स्वयंपाकघरात गेली आणि मिक्सरमध्ये चमचा अडकला असेल म्हणून तिने मिक्सर बंद केला. आवाज थांबेना. खालच्या मजल्यावरच्या काकांना तो आवाज पाण्याच्या मोटरचा वाटला, आणि त्यांनी जिना उतरून मोटर बंद केली.

मंगळवारी सकाळी अख्ख्या इमारतीचे नळ कोरडे पडले. संध्याकाळी इलेक्ट्रिशियन आला. मोटर लावून बघितली, तर छान चालली. तो सामान आवरत असताना सात वाजले, आणि वर आपल्या नायकाने पुन्हा तांबडं पेडल दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा आपण ऐकू येतोय, या आनंदात त्याने आवाज थोडा वाढवलाही होता. "बेअरिंग गेलंय," इलेक्ट्रिशियन म्हणाला आणि मोटर उचलून घेऊन गेला.

बुधवारी अंगणातल्या नळावर बादली घेऊन उभं असताना काकांनी त्याला सगळी हकिगत सांगितली. "बरोबर सातला ओरडते बघा. जनावर अडकल्यासारखी."

काकांच्या दोन बादल्या त्याने निमूटपणे वर नेऊन दिल्या. तिसऱ्या बादलीला मात्र मन खाऊ लागलं. "काका, मोटर ठणठणीत आहे. तो मी होतो. मी गिटार वाजवतो."

काकांनी नळ बंद केला. "तुम्ही वाजवता? कधीपासून?"

"एकोणीस वर्षं."

"कमाल आहे. आम्हाला पत्ताच नाही." मग काकांनी इलेक्ट्रिशियनला फोन लावला, मोटर परत मागवली आणि कारण कोणालाही सांगितलं नाही. त्याबद्दल तो त्यांचा जन्मभर ऋणी राहणार होता.

त्या संध्याकाळी हिरवं पेडल लावून, स्पीकरवर उशी दाबून तो वाजवत बसला. सोमवारी, मंगळवारी जेवायला उशीर झाला होता; आज तर साडेआठ झाले तरी हाक नाही. पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा तो स्वयंपाकघरात गेला.

"अगं, जेवण?"

"बाबांनी सोमवारपासून संध्याकाळी दात लावले नाहीत," बायको म्हणाली. "रात्री उशिरा नुसती पेज घेतात. त्यांची भूकच मेलीये. उद्या डॉक्टरकडे नेऊ या."

त्याने बॅटरी आणि कानस काढली. कवळी त्याच्याच हातची, तेव्हा दोष असेल तर आपला, असं धरून त्याने बाबांच्या हिरड्या तपासल्या. कुठे लाल डागसुद्धा नव्हता. मग त्याने बाबांशी बोलायच्या पाटीवर लिहिलं: कवळी टोचते का?

"नाही बुवा," बाबा म्हणाले. "लोण्यासारखी बसलीये."

मग लावत का नाही?

"लावून करू काय? तुम्ही तीन दिवस वाजवत नाही."

रोज वाजवतोय.

"छे. रोज क्षणभर लावून बघतो, दातात काही येत नाही."

हळूहळू उलगडा झाला. खुर्चीची पाठ स्पीकरला टेकवली आणि दात घट्ट मिटले की त्याचा खर्ज लाकडातून, पाठीतून चढत थेट कवळीत उतरायचा. दोन वर्षं बाबा त्याचं वाजवणं दातांनी ऐकत होते. ही पेडलं साध्या गिटारीसाठी बनवलेली. त्यांनी वरची खरखर ठेवली होती आणि खर्ज गिळून टाकला होता.

बायकोने पाटी ओढून घेऊन लिहिलं: म्हणजे सातला भूक लागत नाही?

"मला नऊला लागते. पण तू वाढतेस, हे वाजवायचं सोडून उठतात, मग एकटा बसून काय करू?"

दोन वर्षं त्याचा सराव पंधरा मिनिटांत आटपत होता, कारण सासरे तो ऐकायला दात लावत होते. एकोणीस वर्षांत त्याला एक श्रोता लाभला होता, आणि तो रोज वेळेवर येत होता.

उरलं काळं पेडल. त्याला मूळ सूर तसाच राखणारं एक बटण होतं. ते पाऊण फिरवल्यावर बाबांनी डोळे मिटले आणि बोट वर केलं. पेडल ठरलं.

शुक्रवारी पोस्टमास्तर कीबोर्ड घेऊन आला आणि त्याच्यातल्याच बारक्या स्पीकरवर डाव्या हाताने जोरात वाजवू लागला. खुर्चीत दात लावून बसलेले बाबा थोडा वेळ थांबले. मग त्यांनी कवळी काढली, डबीत ठेवली आणि झाकण लावलं. याने बेस सुरू केला, तशी डबी उघडून कवळी पुन्हा तोंडात गेली.

"यांना ऐकू येतं?" पोस्टमास्तरने विचारलं.

"शून्य."

पोस्टमास्तर खुर्चीजवळ आला. बाबा उठले आणि त्यांनी त्याला आपल्या जागी बसवलं. "पाठ टेका. दात दाबून धरा."

पोस्टमास्तरने दात दाबले. याने सर्वांत जाड तार छेडली. पोस्टमास्तरच्या भुवया वर गेल्या आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत. "अरे," तो दात न उघडता म्हणाला, "हा तू होतास होय? मला वाटायचं, आपला सरावाचा हॉलच चांगला घुमतो." कीबोर्ड आला तसा पिशवीत गेला.

सव्वासात झाले, कोणी हाक मारली नाही. नऊपर्यंत तो मनसोक्त वाजवत राहिला. मग बायकोने पानं वाढली. बाबा टेबलाशी आले, त्यांनी कवळी काढून डबीत ठेवली आणि म्हणाले, "दात दमले आज. मला नुसतं सूप दे."