भिडेपायी गेलेली लेन्स

होशंग आगांनी त्या दिवशी बायकोला मदत करायचं ठरवलं. बाकी काही नाही, एवढंच.

नवरोजच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, आधी इराणातल्या यज्दमधल्या बायका घर झटकायला घेतात, तेव्हा शहाण्या पुरुषाने कचेरीत जावं. आजवर होशंग आगा जात होतेच. पण पाणीपुरवठ्याच्या कचेरीने यंदा त्यांना हार घालून, घड्याळ देऊन कायमचं घरी पाठवलं होतं. गालिचे गच्चीवर गेले, पडदे हौदात गेले, कपाटं भिंतीपासून पुढे आली. फरंगीस खानम बादली घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होत्या आणि होशंग आगा त्यांच्या वाटेतून उठून पुन्हा त्यांच्या वाटेतच बसत होते.

"होशंग, तू काही करू नकोस. तीच मोठी मदत," फरंगीस खानम म्हणाल्या. (चारचौघांत त्या 'आगा' म्हणत, घरात नुसतं होशंग, आणि रागावल्या की काहीच म्हणत नसत.)

हे ऐकून कुठल्या पुरुषाला गप्प बसवेल? होशंग आगा स्टुलावर चढले आणि कपाटावरचा खोका दोन्ही हातांनी ओढू लागले. खोका आला. पण त्याचं झाकण आधी आलं, आणि झाकणामागून कॅमेऱ्याची लेन्स आली. ती त्यांच्या खांद्यावर आपटली, तिथून जिन्यावर गेली, एकेक पायरी मोजत उतरली आणि अंगणात फरंगीस खानमच्या बादलीपाशी जाऊन थांबली.

फरंगीस खानमनी ती उचलून कानाशी हलवली. आत काहीतरी खुळखुळलं. स्पष्ट दिसावं म्हणून फिरवायची रिंग घट्ट अडकून बसली होती.

"लागलं का रे?" त्यांनी वर बघून विचारलं.

"मला की तिला?" होशंग आगा वरून म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

ही लेन्स होशंग आगांनी लग्नाच्या आधी घेतली होती. पुढे कॅमेरे आले आणि गेले, पण लेन्स तीच राहिली. दर नवरोजला नवं वर्ष लागलं की ते ती कॅमेऱ्यावर चढवत, फरंगीस खानमना सणाच्या वस्तू मांडलेल्या दस्तरखानाशेजारी बसवत आणि त्यांचा फोटो काढत. हे काम चुटकीसरशी होत नसे. रिंग इकडे फिरव, तिकडे फिरव. "हनुवटी जरा वर. एवढी नको. आता माझ्याकडे बघ." तोवर चहा गार होई, पोरं पेंगत, पाहुणे निरोप घेऊन निघून जात. पण फोटो काढल्याशिवाय होशंग आगांचं वर्ष सुरू होत नसे. आणि यंदा नवरोज तोंडावर आला असताना लेन्सची ही अशी गत!

संध्याकाळी फरंगीस खानमचा भाऊ कियूमर्स जेवायला आला. त्याचं मोबाईल-कॅमेऱ्यांचं दुकान होतं, त्यामुळे घरात काहीही मोडलं की त्याचा चेहरा खुलत असे.

"दाजी, हिला आता रजा द्या. नवी घ्या! नवी लेन्स आपली आपणच सगळं जुळवते. तुम्ही नुसतं बोट दाबायचं. डोळ्याचं पातं लवायच्या आत फोटो तयार!"

"पातं लवायच्या आत?" फरंगीस खानमनी विचारलं.

"हो ताई! तुला तासभर पुतळ्यासारखं बसायला नको."

फरंगीस खानमनी भाताचा डाव खाली ठेवला. "जुनी वस्तू आहे," त्या म्हणाल्या. "दुरुस्त होतेय का ते बघायला काय हरकत आहे?"

होशंग आगांना तेच हवं होतं. बायको आपल्या बाजूने बोलली, याच आनंदात त्यांनी दोनदा भात वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी लेन्स रुमालात बांधून ते मेहरबानच्या दुकानात गेले. हा मेहरबान मूळचा यज्दचाच. पण लहानपणीच काकाबरोबर हिंदुस्थानात गेला होता. पुण्याला काकाचं इराणी हॉटेल होतं. तिथेच तो वाढला, कॅमेरे दुरुस्त करायला शिकला आणि आई थकली म्हणून गेल्या वर्षी परत आला. हात कसबी, मन साफ. फक्त पुण्यात राहून त्याला एक सवय लागली होती. माणूस जे बोलतो तेच त्याला म्हणायचं असतं, असं तो समजत असे.

मेहरबानने रुमाल सोडला आणि त्याचे डोळे चमकले. "वा! काय चीज आहे! अशी लेन्स आता शोधून मिळायची नाही."

आता यज्दमध्ये आपल्या वस्तूची कोणी तारीफ केली, तर 'तुमचीच समजा' म्हणायचं असतं. ते मनातून येत नाही, वळणातून येतं. समोरच्याने 'छे छे' म्हणायचं. आपण पुन्हा आग्रह करायचा, त्याने पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा असंच झालं की दोघांनी छातीवर हात ठेवायचे आणि वस्तू जिथल्या तिथे राहते. अंगावरचे कोट, हातातल्या बांगड्या, नव्या कोऱ्या मोटारी यज्दमध्ये रोज दिल्या जातात. एकही वस्तू जागची हलत नाही.

"तुमचीच समजा," होशंग आगा म्हणाले.

"छे हो, असं कसं?"

"नाही नाही, तुमच्यासारख्या जाणकाराच्याच हातात ती शोभते."

"अहो, खरंच नको."

"मेहरबान आगा, माझ्या गळ्याची शपथ! नाही म्हणालात तर मला फार वाईट वाटेल."

मेहरबानने त्यांच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. "परत आल्यापासून एवढ्या मायेने कोणी बोललं नव्हतं हो. तुम्हाला वाईट वाटणार असेल, तर ठेवतो." आणि त्याने लेन्स खणात ठेवली. खण लावलासुद्धा.

होशंग आगांचा हात छातीवर जाऊन पोचला होता. तोंडाशी 'बरं, जशी तुमची मर्जी' तयार होतं. ते गिळावं लागलं. त्याऐवजी बाहेर पडलं, "त्यात काय एवढं!" आणि एवढ्यावर थांबावं, तर दाराशी पोचल्यावर सवयीने ते म्हणाले, "घरी या ना कधीतरी. घर तुमचंच आहे."

"कधी येऊ?" मेहरबानने लगेच विचारलं.

"कधीही."

"नवरोजच्या तिसऱ्या दिवशी येतो. आईलाही आणतो!"

भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटं नाही.

घरी फरंगीस खानम दाराशीच उभ्या होत्या. "काय म्हणाला?"

"ठेवून घेतली."

"म्हणजे होईल म्हणायची!"

"आता सगळं त्याच्या हातात आहे," होशंग आगा म्हणाले आणि घाईने गच्चीवर जाऊन गालिचा झोडपू लागले. इतका, की शेजारीण विचारायला आली, कोणी भांडतंय का?

लेन्स परत मागायची कशी? दिलेली वस्तू परत मागणाऱ्या माणसाला यज्दमध्ये कोणी मुलगी देत नाही. (होशंग आगांचं लग्न झालं होतं, पण मन एवढा विचार कुठे करतं?) ते रोज दुकानावर जाऊ लागले. मेहरबानने लेन्स दुरुस्त केली होती आणि स्वतःच्या कॅमेऱ्यावर चढवली होती. होशंग आगा चहा पीत तिच्याकडे बघत बसत.

"बरी आहे ना?" ते हळूच विचारत.

"ठणठणीत! रिंग तर लोण्यातून फिरावी तशी फिरते. तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही!"

यावर कोणी काय मागणार? होशंग आगा चहा संपवून घरी येत आणि "अजून थोडं काम बाकी आहे," असं सांगत. बाकी काम त्यांचंच होतं, हे मात्र सांगत नसत.

नवरोज आला. दस्तरखानावर गव्हाचे कोवळे अंकुर, सफरचंदं, लसूण, सिरका, आरसा, काचेच्या भांड्यात लाल मासा, सगळं मांडून झालं. रेडिओवर नवं वर्ष लागल्याचा पुकारा झाला, सगळ्यांनी एकमेकांच्या गालांचे मुके घेतले. फरंगीस खानम निळा पोशाख घालून आपल्या नेहमीच्या जागी बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

होशंग आगा माशाकडे बघू लागले.

"लेन्स आली नाही वाटतं?" कियूमर्स म्हणाला. "मग काय झालं? ताई, हस!" आणि त्याने खिशातून मोबाईल काढून बटण दाबलं. "झालं! बघ, कसा लख्ख आलाय."

"छान आहे," फरंगीस खानम म्हणाल्या. शेजारणीच्या पाहुणीच्या पोराला छान म्हणावं, तसं. आणि तिथेच बसून राहिल्या, हनुवटी जरा वर करून. शेवटी कियूमर्सलाच सांगावं लागलं, "ताई, झाला फोटो. ऊठ ना."

होशंग आगांना ते बघवेना.

तिसऱ्या दिवशी मेहरबान आला. नवा कोट, हातात मिठाईचा डबा, गळ्यात कॅमेरा, बरोबर आई. म्हाताऱ्या खानमना लोडाशी बसवलं. त्यांनी साखरेचा खडा दातांत धरून चहाचा घोट घेतला. फरंगीस खानम फळांचं तबक घेऊन आल्या.

"खानम," मेहरबान उठून उभा राहिला, "तुमच्यासमोर आगांचे आभार मानायचे होते. इतक्या वर्षांची लेन्स, आणि मला अशी देऊन टाकली! असा दिलदार माणूस मी पाहिला नाही."

होशंग आगांनी ताटलीतली काकडी उचलली आणि सोलायला घेतली.

"कोणती लेन्स?" फरंगीस खानमनी विचारलं.

"ही काय!" मेहरबानने गळ्यातला कॅमेरा पुढे केला.

होशंग आगा काकडी सोलत होते. साल संपली तरी सोलत होते.

आता फरंगीस खानम म्हणजे सबंध गल्लीत रीतीभातीला पहिल्या. पाहुणा निघाला तर त्याला दारात अर्धा तास, फाटकात अर्धा तास थांबवून घेणाऱ्या. त्यांनी तबक खाली ठेवलं, पदर सावरावा तशी डोक्यावरची ओढणी सावरली आणि म्हणाल्या, "मेहरबान आगा, ती परत द्या."

म्हाताऱ्या खानमच्या दातांतला खडा चहात पडला.

"यांनी ती मनातून दिली नव्हती हो. रीत म्हणून दिली होती."

"पण तीनदा म्हणाले!"

"तीनदाच म्हणायचं असतं."

"मीही नको म्हणालो होतो. दोनदा!"

"तेही तीनदा म्हणायचं असतं."

"अहो, मला काय माहीत!" मेहरबान कळवळून म्हणाला. "पुण्यात एकदा 'चहा नको' म्हटलं की कप आत जातो, तो पुन्हा बाहेर येत नाही. तिथे मी उपाशी राहून राहून शिकलो, की देतील तेव्हा घ्यावं!"

"गाढवा!" आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "आल्या दिवशी सांगितलं नव्हतं तुला?"

"ते जेवणाबद्दल सांगितलं होतंस, आई. लेन्सबद्दल कुठे?" कॅमेऱ्यावरून लेन्स काढताना त्याचा चेहरा मात्र हलका झाला होता. "तरी मी म्हणत होतो, आगा रोज येऊन हिच्याकडे का बघत बसतात! मला वाटलं, देणाऱ्याचा जीव केवढा, दिलेल्या वस्तूचीही खुशाली विचारतो."

फरंगीस खानम चहा आणायला आत गेल्या, तसे होशंग आगा मागोमाग गेले.

"फरंगीस, असं तोंड उघडून मागायचं! तू? उद्या गल्ली काय म्हणेल? त्यापेक्षा कियूमर्सकडून नवी घेतली असती."

फरंगीस खानम चहाच्या सामोवाराची तोटी सोडून पेले भरत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"वर्षभर तुझं लक्ष पेपरात, नाहीतर रेडिओत," त्या म्हणाल्या. "मी केसांना मेंदी लावली तरी तुला आठवड्याने कळतं. पण वर्षातून एकदा ती लेन्स लावतोस आणि माझ्याकडे बघत बसतोस. किती वेळ! चहा गार होतो, लोक कंटाळून जातात, तरी तू बघतच असतोस. कियूमर्सची लेन्स पातं लवायच्या आत उरकते, होशंग. मला उरकून नको होतं."

यज्दमध्ये प्रत्येक प्रसंगाला एक ठरलेलं वाक्य आहे, पण या प्रसंगाला नव्हतं. होशंग आगांनी नुसतं पेल्यांचं तबक बायकोच्या हातून घेतलं. आजवर त्यांनी ते कधी घेतलं नव्हतं.

मग पाहुण्यांना बसवून ठेवून फोटोचा कार्यक्रम झाला. निळा पोशाख पुन्हा अंगावर आला. होशंग आगांनी लेन्स चढवली, डोळा लावला आणि बघू लागले. कानाजवळची पांढरी बट. डाव्या गालावर हसू यायच्या आधी पडणारी बारीक घडी. रिंगेवरची बोटं थांबली, तरी ते बघत होते. चहा गार झाला. म्हाताऱ्या खानम लोडाला टेकून घोरू लागल्या. फरंगीस खानम मात्र नव्या नवरीसारख्या ताठ बसल्या होत्या आणि त्यांना मुळीच घाई नव्हती.

शेवटी बटण दाबलं गेलं. होशंग आगांचा ऊर भरून आला होता. अशा वेळी माणूस नको ते विचारतो.

"फरंगीस, आज सरळच बोलायचा दिवस आहे ना? मग सरळ सांग. इतक्या वर्षांत मी तुझे एवढे फोटो काढले. कसे येतात?"

"तुमच्या हातांना देव उदंड..." फरंगीस खानमनी सवयीने सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. "सरळ सांगू?"

"अगदी सरळ."

"एकाही फोटोत मी ओळखू येत नाही."

"एकाही?"

"एक आहे तसा स्पष्ट. फारच सुंदर आलाय."

"कुठला?" होशंग आगांनी आशेने विचारलं.

"ज्यात दस्तरखानावरच्या लसणाची पाकळी न् पाकळी मोजता येते तो. मागे कोण बाई बसलीय, ते मात्र अजून कोणाला सांगता आलेलं नाही."