डोमाजीकाकांची ढापाढापी

कुकरची शिट्टी दिसेनाशी झाली तर वरठीतल्या आमच्या गल्लीतल्या बायका ओट्याखाली शोधत बसत नाहीत. चप्पल पायात सरकवून थेट डोमाजीकाकांकडे जातात.

काका कारखान्यातून रिटायर झालेले. रोज सकाळी सायकल काढायची, कुणाच्या तरी दारात "पानी पाजा जी" म्हणत टेकायचं आणि निघताना काहीतरी पिशवीत टाकायचं, हा त्यांचा नेम. माझ्या घरून किसणी, सायकलचा पाना आणि बातम्या चालू असताना टीव्हीचा रिमोट गेला आहे. पण याला चोरी म्हटलेलं त्यांना खपत नाही.

"चोरी लपून होते गा. आपन उजेडात ढापतो. मालकाच्या डोळ्यादेखत नेलं आन् मांगल्यावर देलं, त त्याले ढापनं म्हन्ते!"

ढापण्याचे नियमही कडक. पैसा, दागिना आणि खायची वस्तू वर्ज्य. वस्तू फोनवर मागायची नाही, स्वतः घरी यायचं. आधी चहा, मग वस्तू.

अशात समोरच्या घरी बाहेरगावचे एक मास्तर राहायला आले. दुसऱ्याच दिवशी त्यांची शिट्टी गेली. मास्तर भर रस्त्यात कडाडले, "चोर आहात तुम्ही! शब्द बदलला म्हणून गुन्हा बदलत नाही!"

काकांनी मुकाट्यानं शिट्टी काढून दिली. कारखान्याच्या गेटवर जन्मभर झडती दिलेला माणूस. खिशात कधी खिळा सापडला नव्हता. "चोर नोका म्हनू, मास्तर," एवढंच पुटपुटून त्यांनी दार लावून घेतलं.

आठवडाभर गल्लीत कुणाचं काही हरवलं नाही. मला तर करमेना. शेवटी रविवारी सारी गल्ली गोळा केली, मास्तरांना हाताला धरलं आणि काकांचं दार वाजवलं.

"काका, आमची किसणी सापडून नाही राहिली. तुमच्याकडंच असन!" मी ठोकून दिलं. किसणी कधीचीच परत येऊन माझ्या घरी जागेवर होती.

"आमची सांडशी बी!" मागून कुणीतरी ओरडलं.

काका बघतच राहिले. मग लगबगीनं सतरंजी अंथरली, चुलीवर मोठं पातेलं चढवलं. भिंतीवर काकूंचा हार घातलेला फोटो होता. मास्तर त्याकडे पाहत होते.

"तुमची काकू होती तवा घर मानसायनं भरून राहे," काका कप पुसत म्हणाले. "तेरवी झाली, आन् कोनी फिरकलंच नाही. म्हनून कामाचीच वस्तू ढापतो, मास्तर. बिनकामाची नेली त घ्यायले कोन येते?"

मास्तर चहा दोनदा मागून प्यायले. त्या दिवशी काकांच्या घरातला गलका पार स्टेशनापर्यंत गेला असेल, आणि मला इतका आनंद फार दिवसांनी झाला होता.

दुसऱ्या सकाळी काकांची सायकल रस्त्याला लागली. समोरच्या अंगणातून खणखणीत हाक आली.

"काहून जी काका, आमची शिट्टी न्यायची नाही काय?"

काकांनी सायकल भिंतीला टेकवली आणि ताठ मानेनं आत शिरले.

"पानी पाजा जी, मास्तर."